वंध्य नर डास सोडून हिवताप रोखायचा, तर सीमाभागातल्या गावांनी सुरुवात कुठून करावी?

नर डास चावत नाही. माणसाची कातडी भेदण्याजोगी सोंडच त्याला नसते. फुलांतला मध आणि झाडाचा रस यांवर तो जगतो. रक्त लागतं मादीला, अंडी पोसण्यासाठी, आणि हिवतापाचे जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेते तीही मादीच. यात तिसरी गोष्ट अशी की हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलिस डासाची मादी साधारणपणे आयुष्यात एकदाच मिलन करते. मिळालेलं बीज पोटातल्या बारीकशा पिशवीत साठवते आणि मरेपर्यंत तेच पुरवून वापरते. हे एकमेव मिलन वंध्य नराशी झालं, तर पुढे तिनं कितीही वेळा अंडी घातली तरी त्यांतून अळी बाहेर येत नाही. वंध्य नर सोडण्याची पद्धत या तीन गोष्टींवर उभी आहे.

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात हिवतापाच्या डासांसाठी असा कार्यक्रम आज चालू नाही, आणि कोणा गावानं किंवा मंडळानं स्वतःच्या हौसेनं डास पाळून सोडायचेही नाहीत. तरीही हे सविस्तर लिहितोय, कारण या पद्धतीचं निम्म्याहून जास्त काम शिवारात, गोठ्यात आणि विहिरीच्या काठावर होतं. डास कोणता, किती आणि कुठल्या पाण्यात वाढतो हे ठाऊक नसेल, आणि त्याची संख्या आधीच खाली आणलेली नसेल, तर लाखो नर सोडले तरी ते वाया जातात. ही ओळख, मोजणी आणि संख्या उतरवण्याचं काम गाव यंदाच्या उन्हाळ्यापासून करू शकतं. उद्या नर आले तर तयारी झालेली असेल. नाही आले, तरी हिवताप कमी झालेलाच असेल.

नर वंध्य कसा करतात?

डासाचा प्रवास अंडं, अळी, कोष आणि पंख असलेला डास असा होतो. हवा उबदार असेल तर आठ ते चौदा दिवसांत हे सगळं उरकतं. कोष एक दिवसाचा झाला की त्यावर गॅमा किंवा क्ष-किरणांचा मोजका मारा करतात. त्यानं नर मरत नाही, त्याचं बीजही मरत नाही. बीजातली गुणसूत्रं मात्र तुटतात. असा नर मिलन करतो, बीज मादीच्या पोटात जातं, अंड्यात शिरतंसुद्धा, पण आतला जीव वाढत नाही. मादीच्या दृष्टीनं तिचं लग्न लागलेलं असतं, त्यामुळे ती दुसरा नर शोधत नाही.

किरण दिलेला डास किरणोत्सारी होतो का, हा प्रश्न गावात हमखास येणार. नाही होत. छातीचा एक्स-रे काढलेल्या माणसातून जसे नंतर किरण बाहेर पडत नाहीत, तसंच हे. या नरात बाहेरून कुठलं जनुकही घातलेलं नसतं. जालन्याजवळ दावलवाडी इथं २०१७ मध्ये पिंजऱ्यात ज्या डासांच्या चाचण्या सुरू झाल्या होत्या, ते जनुक बदललेले डास होते, आणि तेही डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस जातीचे. पुदुच्चेरीतल्या संशोधन केंद्रात व्होल्बाकिया जिवाणू असलेल्या डासांवर काम झालं, तेही एडिसच. व्हॉट्सॲपवर या सगळ्याची एकच खिचडी होऊन फिरते, म्हणून गावसभेत बोलताना हा फरक पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट करा.

किरणांची मात्रा किती द्यायची, यात खरी कसोटी आहे. आफ्रिकेतल्या ॲनोफिलिस अरेबिएन्सिस डासावरच्या कामात ७० ते १२० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) या टप्प्यातल्या मात्रा वापरल्या गेल्या. मात्रा चढवली की नर जवळपास पूर्ण वंध्य होतो, पण अशक्तही होतो आणि रानातल्या धडधाकट नरापुढे टिकत नाही. मात्रा थोडी उतरवली तर काही अंडी उबतात, पण नर दमदार राहतो. माझं मत दमदार नराच्या बाजूचं आहे. मादीपर्यंत पोचलाच नाही, तर शंभर टक्के वंध्यत्वाचा उपयोग काय?

पहिली पायरी: आपल्या गावचा ताप कुठला आहे ते शोधा

डासाकडे वळण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातली नोंदवही पाहा. मागच्या तीन वर्षांत रक्त तपासून हिवताप ठरलेले रुग्ण किती, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या गल्लीत? आशाताईंकडे यातली बरीच माहिती असते. वर्षभरातले हिवतापाचे रुग्ण भागिले लोकसंख्या, गुणिले १०००, हा आकडा काढा. आरोग्य खातं याच आकड्यावरून गावाची पातळी ठरवतं. तो एकाच्या खाली असेल तर गाव कमी धोक्याचं धरतात.

मग प्रत्येक रुग्णामागे एकच प्रश्न विचारा: ताप येण्याआधीच्या महिन्याभरात हा माणूस कुठे मुक्कामाला होता? खानापूर आणि बेळगाव तालुक्यातली कितीतरी माणसं गोव्यात बांधकामावर, हॉटेलांत, बंदरावर कामाला जातात. निपाणी, चिकोडी, अथणीकडे दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्या येतात आणि फडाशेजारी खोपट्यांत राहतात. तुमच्या गावातले सगळे रुग्ण बाहेरून ताप घेऊन येत असतील आणि गावात बाहेर न गेलेल्या एकालाही लागण नसेल, तर वंध्य नर हे तुमचं औषध नव्हे. तिथं परतलेल्या माणसाचं रक्त लगेच तपासणं आणि औषधाचा पूर्ण कोर्स देणं हे कितीतरी स्वस्त आणि नेमकं काम आहे. उलट कधी गाव न सोडलेल्या पोराला किंवा म्हाताऱ्या आजीला हिवताप झाला, तर डास गावातच जंतू फिरवतोय हे नक्की. अशा गावांसाठीच पुढच्या पायऱ्या आहेत.

दुसरी पायरी: डास कोणता?

ही पायरी सोडून पुढे जाता येत नाही. वंध्य नर फक्त स्वतःच्या जातीच्या मादीला उपयोगाचा. जात चुकली तर सगळा खर्च हवेत.

आपल्या जिल्ह्यात थोड्या अंतरात मुलूख पार बदलतो. कणकुंबी, जांबोटी, भीमगडाकडे घाटाचा मुसळधार पाऊस आणि संथ वाहणारे स्वच्छ ओढे. अशा डोंगरपायथ्याच्या झऱ्यांत ॲनोफिलिस फ्लुव्हिएटिलिस वाढतो. गोकाक, रायबाग, चिकोडीकडे घटप्रभेच्या कालव्याचं पाणी, पाझर आणि विहिरी. असं पाणी ॲनोफिलिस क्युलिसिफेसिसला आवडतं. भारताच्या ग्रामीण भागातला बहुतांश हिवताप हाच डास पसरवतो. बेळगाव शहरासारख्या ठिकाणी गच्चीवरच्या टाक्या, बांधकामावरचे हौद आणि जुन्या विहिरी असतात, तिथं ॲनोफिलिस स्टीफेन्सीवर नजर ठेवायची. म्हणजे एकाच जिल्ह्यात तीन डास, आणि नर सोडायचे झाले तर तीन वेगळ्या पैदाशी.

एवढ्यानं भागत नाही. दिसायला अगदी एकसारखा असलेला क्युलिसिफेसिस हा खरं तर पाच भावंड-जातींचा गट आहे. शास्त्रज्ञ त्यांना ए, बी, सी, डी आणि ई म्हणतात. यातली बी ही जात बहुतेक भागांत हिवताप पसरवण्यात कमकुवत आहे. भिंगाखाली पाहून हे कळत नाही, गुणसूत्रं किंवा डीएनए तपासावा लागतो. हे काम तज्ज्ञांचं.

गावानं करायची ओळख त्याआधीची आहे. एक पांढरं वाडगं आणि लांब दांड्याचं ओगराळं घ्या. डबक्यातलं पाणी हलक्या हातानं उचलून वाडग्यात ओता आणि मिनिटभर न हलता पाहा. पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडवी पडलेली अळी ॲनोफिलिसची. डोकं खाली आणि शेपटाकडची बारीक नळी वर लावून तिरकी लोंबणारी अळी क्युलेक्सची किंवा एडिसची. वाडग्यावर हाताची सावली पाडली की दोन्ही निसटतात. लोंबणारी सरळ तळाशी जाते, आडवी आधी बाजूला झटका मारते. चार वाडगी पाहिली की डोळा बसतो. भिंतीवर बसलेला डासही ओळखता येतो. ॲनोफिलिस शेपटीकडची बाजू उचलून तिरका बसतो, क्युलेक्स भिंतीला समांतर. आणि मिशा पिसासारख्या झुबकेदार दिसल्या तर तो नर.

तिसरी पायरी: पाण्याचा नकाशा आणि डासांची मोजणी

हायस्कूलची पोरं, युवक मंडळ, महिला मंडळ यांना सोबत घेऊन गावाचा हातानं नकाशा काढा. विहिरी, ओढ्याचे थांबलेले डोह, पाटाच्या फुटलेल्या कडा, वीटभट्टीचे खड्डे, जनावरांच्या पाण्याची टाकी, नळकोंडाळ्याजवळचं साचलेलं पाणी, सगळं त्यावर यायला हवं. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी पसरलं की भातखाचरांत ते बरेच दिवस उभं राहतं, तशा जागाही खुणेनं दाखवा. भाताबद्दल एक ध्यानात ठेवा. क्युलिसिफेसिसला नुकती लावणी झालेली, उन्हात उघडी पडलेली खाचरं आवडतात. रोपं उंच होऊन पाण्यावर सावली धरली की तो तिथून कमी होतो. म्हणजे खाचर पाहायचं ते लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत.

प्रत्येक जागेला क्रमांक द्या. आठवड्यातून ठरलेल्या एकाच दिवशी प्रत्येक जागी ठरावीक ओगराळी पाणी उचला, दहा म्हणजे दहा. ॲनोफिलिस अळ्या किती आणि कोष किती हे वहीत लिहा. शून्य सापडलं तर शून्यही लिहा. रिकामा रकाना आणि शून्य यांत फार मोठा फरक आहे. रिकामा रकाना म्हणजे कुणी पाहिलंच नाही.

मोठ्या डासांची मोजणी पहाटे होते. सूर्य उगवायच्या सुमारास टॉर्च घेऊन ठरलेल्या चार घरांत आणि चार गोठ्यांत भिंतीवर बसलेले डास शोषनळीनं पकडायचे. एका माणसानं एका तासात किती पकडले, हा आकडा. क्युलिसिफेसिसला गुरांचं रक्त फार आवडतं, म्हणून गोठा वगळून चालत नाही. स्वतःच्या पायावर डास बसू देऊन पकडण्याची जुनी रीत गावच्या स्वयंसेवकांनी अजिबात करू नये. हिवतापाच्या गावात तो जिवाशी खेळ आहे.

एकूण डास किती याचा अंदाज शास्त्रज्ञ वेगळ्या रीतीनं काढतात, आणि ती रीत समजून घ्यायला सोपी आहे. समजा २,००० नरांना रंगीत पूड लावून सोडलं. दोन दिवसांनी ३०० नर पकडले, त्यांत पूड लागलेले १२ निघाले. तर शिवारात नर साधारण २,००० गुणिले ३०० भागिले १२, म्हणजे ५०,०००. मधल्या काळात किती मेले, किती उडून गेले याची दुरुस्ती करावी लागते, पण हिशोबाचा गाभा हाच.

ही मोजणी एका पावसाळ्यापुरती करून उपयोग नाही. वळवाच्या आधी, भर पावसात, ओढे निवळल्यावर आणि थंडीत, असं पूर्ण वर्षाचं चित्र हातात हवं. कणकुंबीकडच्या धो धो पावसात ओढ्यातल्या अळ्या वाहून जातात आणि पाऊस ओसरल्यावर त्याच ओढ्यात डास चढतात. अथणी, कागवाडकडच्या कोरड्या पट्ट्यात कालव्याला पाणी कधी सुटतं यावर सगळं अवलंबून. वर्षाचा तळ, म्हणजे सर्वांत कमी डास, कोणत्या आठवड्यांत येतो हे तुमच्याच वहीतून कळेल, आणि पुढे नर सोडायची वेळ त्यावरच ठरेल.

सोबत आणखी एक गाव निवडा, तुमच्यासारखंच, पण किमान चार-पाच किलोमीटर दूर, जिथं नर सोडले जाणार नाहीत. तिथंही हीच मोजणी करा. पाऊस कमी झाला म्हणून डास घटले की नरांमुळे घटले, हे या दुसऱ्या गावाशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

चौथी पायरी: आधी संख्या खाली आणा

इथं गणित समजून घेऊ, कारण या पद्धतीचं यशापयश इथंच ठरतं. अमेरिकेतले एडवर्ड निपलिंग यांनी जनावरांच्या जखमेत अळ्या घालणाऱ्या स्क्रूवर्म माशीसाठी हा विचार मांडला, आणि १९५४ मध्ये कुरासाओ बेटावरून ती माशी काही महिन्यांत नाहीशी झाली. त्यांच्या हिशोबाची रीत घेऊन आपल्या गावापुरतं एक काल्पनिक उदाहरण करू.

समजा शिवारात १०,००० रानटी माद्या आणि तेवढेच रानटी नर आहेत. अनुकूल हवेत एका पिढीत डास पाचपट होतात असं धरू. आपण दर पिढीला ९०,००० वंध्य नर सोडतो. म्हणजे एका रानटी नरामागे नऊ वंध्य. दहातली एकच मादी सुफळ राहील, म्हणजे १,०००. त्या पाचपट झाल्या की पुढच्या पिढीत ५,०००. पुन्हा ९०,००० सोडले की प्रमाण अठरास एक होतं. सुफळ माद्या २६३, पुढची पिढी सुमारे १,३१६. त्यानंतर प्रमाण अडुसष्टास एक, आणि पुढच्या पिढीत ९५. मग जवळपास शून्य. सोडायची संख्या तीच राहते, पण रानटी डास घटत जातात तसा प्रत्येक वंध्य नर जास्त भारी पडतो. कीटकनाशकाचं उलटं असतं. डास विरळ झाले की फवारणीचा बराचसा भाग रिकाम्या भिंतींवर जातो.

आता त्याच गावात ४०,००० नरच सोडले तर? चारास एक. दर पाच माद्यांतली एक सुफळ, म्हणजे २,०००, आणि त्या पाचपट होऊन पुन्हा १०,०००. महिनोन्‌महिने नर सोडत राहा, डास तेवढेच. आणि ९०,००० सोडले, पण ते रानटी नरांच्या निम्म्याच दमाचे निघाले, तर त्यांची किंमत ४५,००० धरायची. पुढची पिढी ९,०९१ म्हणजे घट जेमतेम. थोडक्यात, दमाचा हिशोब धरून जे प्रमाण उरतं ते एका ठरावीक पातळीच्या वर हवंच, त्याखाली सगळं पाण्यात.

म्हणून नर सोडण्याआधी रानटी डास दहा हजारांवरून हजारावर आणले, तर तेच काम ९,००० नर करतील. कसे आणायचे, ते आपल्याकडे माहीत आहेच, नेटानं होत नाही एवढंच. आठवड्यात एक कोरडा दिवस, गच्चीवरच्या टाक्यांना घट्ट झाकण किंवा जाळी, पाटाच्या फुटलेल्या कडांची दुरुस्ती, ओढ्याच्या कडेचं गवत काढून पाण्याला वाट. विहिरी आणि हौदांत गप्पी मासे सोडा, पण ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात सोडू नका, कारण तिथल्या मूळच्या माशांना ते त्रास देतात. आटवता येत नाही अशा पाण्यात आरोग्य खात्याच्या सल्ल्यानं बीटीआय हे जिवाणूंचं अळीनाशक. आणि औषध लावलेली मच्छरदाणी रोज अंथरुणावर, कपाटात नव्हे.

एका ताळमेळाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. अळीनाशक आणि वंध्य नर बरोबरीनं चालतात. पण घरोघरच्या भिंतींवर कीटकनाशक फवारण्याची फेरी आणि नर सोडण्याचा आठवडा एकत्र आला, तर आपणच आणलेले नर आपणच मारू. फवारणी आधी, नर नंतर, आणि तारखा जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांशी बसून ठरवलेल्या.

पाचवी पायरी: नर देणाऱ्या संस्थेला विचारायचे प्रश्न

पैदास, किरण देणं आणि वाहतूक हे परवानाधारक संस्थेचं काम. पण गावानं तिच्यासमोर नुसतं मान डोलावून बसू नये. चार गोष्टी खोलात विचारा.

नरांत माद्या किती टक्के मिसळलेल्या असतील? एडिसच्या नर-मादी कोषांच्या आकारात ठळक फरक असतो, त्यामुळे ते गाळून वेगळे करता येतात. ॲनोफिलिसमध्ये आकार एकमेकांत मिसळतात, आणि ही या पद्धतीची सर्वांत मोठी अडचण आहे. दहा लाख नरांत एक टक्का माद्या राहिल्या तरी आपण स्वतःच्या हातानं गावात दहा हजार चावणाऱ्या माद्या सोडल्या. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशात १९७०च्या दशकात अशी पैदास बनवली होती की फक्त नरच विशिष्ट कीटकनाशकाला दाद देत नसत, त्यामुळे माद्या लहानपणीच मारून टाकता यायच्या. तुमच्यासाठी माद्या कशा वेगळ्या करणार, आणि प्रत्येक खेपेतली माद्यांची मोजणी गावाला दाखवणार का, हे लेखी घ्या.

नर किती दमदार आहेत? मोठ्या पिंजऱ्यात वंध्य नर, रानटी नर आणि रानटी माद्या समसमान सोडून पाहतात. वंध्य नर बरोबरीचा असेल तर उबणाऱ्या अंड्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. आपल्या क्युलिसिफेसिसबद्दल सावध राहण्याचं कारण आहे. पाकिस्तानात लाहोरजवळच्या गावांत १९८०च्या सुमारास याच जातीचे, रसायनानं वंध्य केलेले नर सोडून पाहिले होते. त्यांनी रानटी माद्यांशी मिलन केलं, पण रानटी नरांच्या तोडीस ते उतरले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला नर संध्याकाळच्या थव्यात मागे पडतो. ॲनोफिलिसचं मिलन उडत्या थव्यात, सांजवेळच्या अर्ध्या तासात होतं, हे विसरून चालणार नाही. स्टीफेन्सी मात्र लहान पिंजऱ्यातही सहज जोडी जमवतो आणि त्याची पैदास तुलनेनं सोपी आहे. म्हणून सीमाभागात कधी पहिला प्रयोग झाला, तर तो खानापूरच्या जंगलात करण्यापेक्षा बेळगाव शहराच्या एखाद्या वेगळ्या पडलेल्या उपनगरात व्हावा, असं मला ठामपणे वाटतं.

पैदास कुठल्या डासापासून केली आहे? आपल्याच भागातल्या डासापासून केलेली हवी, आणि तिच्यात रानटी रक्त अधूनमधून मिसळत राहायला हवं.

प्रवासात किती मरतात? डास थंड करून सुस्त अवस्थेत आणतात. घाटातल्या वळणावळणाच्या रस्त्यानं तासन्‌तास आलेल्या खोक्यातले किती नर पोचल्यावर सरळ उडतात, हे प्रत्येक खेपेला पाहायला हवं. खोकं उघडल्यावर तळाशी किती पडून राहिले ते मोजा आणि सोडलेल्या आकड्यातून वजा करा.

सहावी पायरी: माणसं आणि परवानग्या

दिल्लीत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून डासांच्या अशाच नियंत्रणाचा मोठा प्रकल्प चालवला होता. दिल्लीजवळच्या गावांत वंध्य क्युलेक्स नर सोडले गेले. १९७४-७५ मध्ये वर्तमानपत्रांत आणि संसदेत संशयाचं वादळ उठलं, हे जैविक युद्धाचं संशोधन तर नाही ना असे प्रश्न झाले, आणि १९७५ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. त्या कामातलं विज्ञान मोलाचं होतं. पण लोकांना आधी विश्वासात न घेतलेल्या कामाला अफवेपुढे उभं राहता येत नाही.

म्हणून गावसभा आधी, खोकी नंतर. पीडीओ (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी), पंचायत सदस्य, ग्राम आरोग्य समिती, आशाताई, शाळेचे मुख्याध्यापक, देवस्थानचे पंच आणि मशिदीचे जबाबदार लोक, सगळे पहिल्याच बैठकीला हवेत. पत्रकं मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीकडे मजकूर तंतोतंत एकच. जिल्हा पंचायत आणि आरोग्य खात्याकडे जाणारा अर्ज कन्नडमध्ये जोडला तर फाईल अडकत नाही. नर सोडण्याच्या प्रयोगाला संशोधन संस्थेची नैतिक समिती, आरोग्य खातं आणि जिल्हा प्रशासन यांची लेखी मंजुरी लागते. किरण देणाऱ्या यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना असतो. त्यांच्या प्रती पंचायतीत लावून ठेवा.

सीमेचा प्रश्न इथं वेगळ्या अर्थानं येतो. ॲनोफिलिस मादी सहज एक-दोन किलोमीटर, कधी त्याहून दूर उडते. कुद्रेमनीत नर सोडले आणि शेजारच्या चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत काहीच केलं नाही, तर तिकडून आधीच सुफळ झालेली मादी येऊन कुद्रेमनीत अंडी घालेल, आणि तिच्यापुढे वंध्य नर निरुपयोगी. कोगनोळी आणि कागल, कणकुंबी आणि पलीकडची गोव्यातली गावं, सगळीकडे हेच. एल साल्वादोरमध्ये १९७२ साली आपास्तेपेके तळ्याकाठच्या छोट्या, आटोपशीर भागात चाळीस लाखांहून अधिक वंध्य नर सोडल्यावर डास जवळजवळ नाहीसे झाले होते. पुढे समुद्रकिनाऱ्याच्या मोठ्या पट्ट्यात काम नेलं, तेव्हा बाहेरून येणाऱ्या सुफळ माद्यांनी घात केला. कुरासाओला भोवती समुद्र होता; आपल्या जिल्ह्याला तीन राज्यांचं मोकळं शिवार आहे. तेव्हा मुख्य गावाभोवती दोन-तीन किलोमीटरचा पट्टा ठरवायचा आणि त्यातही अळ्यांचं नियंत्रण करायचं, मग तो पट्टा महाराष्ट्रात असो की गोव्यात. दोन्हीकडच्या आरोग्य अधिकाऱ्यांची एकत्र बैठक झाल्याशिवाय तारीख ठरवू नका.

सातवी पायरी: प्रत्यक्ष सोडणं

वर्षाच्या तळाशी, म्हणजे बहुतेक ठिकाणी उन्हाळ्याच्या शेवटी वळवाआधी सुरुवात करून पावसाळाभर चालू ठेवायचं. नर फार दिवस जगत नाही, म्हणून एकदम मोठी खेप सोडण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा थोडे थोडे. कोषातून बाहेर आल्यावर ॲनोफिलिस नराला मिलनाला तयार व्हायला साधारण एक दिवस लागतो, त्याआधी सोडून उपयोग नाही. साखरपाणी पाजलेले नर जास्त टिकतात. सोडण्याच्या जागा अळ्यांच्या पाण्याजवळ, गोठ्यांच्या आसपास आणि सांजवेळी थवे दिसतात तिथं. भर उन्हात, सोसाट्याच्या वाऱ्यात किंवा पाऊस कोसळत असताना खोकं उघडायचं नाही. प्रत्येक खेपेची तारीख, जागा, संख्या आणि मेलेले किती, एवढं वहीत आलं की झालं.

आठवी पायरी: काम होतंय का, हे अंड्यांना विचारा

डास कमी झाल्यासारखे वाटतात, या वाटण्यावर कुणी जाऊ नये. पहाटे गोठ्यात पकडलेल्या, पोट फुगलेल्या माद्या एकेक करून वेगवेगळ्या कपात ठेवतात. कपात थोडं पाणी आणि ओला गाळणकागद, वर जाळी. मादी अंडी घालते, काळी, होडीच्या आकाराची, सुटी सुटी तरंगणारी. दोन-तीन दिवसांत साध्या मादीची बहुतेक अंडी उबतात आणि कपात बारीक अळ्या वळवळू लागतात. वंध्य नराशी मिलन झालेल्या मादीच्या कपात अंडी तशीच तरंगत राहतात. म्हणजे कप पाहूनच हिशोब मांडता येतो. चाळीस कपांपैकी चौदा कपांत काहीच उबलं नाही, तर सुमारे ३५ टक्के माद्यांपर्यंत आपले नर पोचले. मिलनच न झालेल्या मादीची अंडीही उबत नाहीत, म्हणून तिच्या पोटातल्या पिशवीत बीज आहे की नाही हे प्रयोगशाळेनं तपासायला हवं. दुसऱ्या गावातले कपही शेजारी ठेवा. तिथं सगळं उबत असेल तरच इथला आकडा खरा.

कपांतला बदल आधी दिसतो. पहाटेच्या मोजणीत डास घटायला आणखी काही आठवडे लागतात, आणि तापाचे रुग्ण त्याहून उशिरा कमी होतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लोक विचारू लागतील की फरक कुठे आहे, तेव्हा त्यांना कप दाखवा. रिकाम्या कपांचं प्रमाण दोन महिन्यांतही वाढलं नाही, तर सोडण्याची संख्या, नरांचा दम आणि बाहेरून येणाऱ्या माद्या या तीनपैकी कुठे गळती आहे ते शोधून मगच पुढची खेप मागवा.

आणि या सगळ्या काळात ताप आलेल्या प्रत्येक माणसाचं रक्त २४ तासांत तपासलं जायला हवं, कारण वंध्य नर माणसाच्या रक्तातल्या जंतूंना हात लावत नाही. व्हायवॅक्स प्रकारचा हिवताप यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. त्यासाठी प्रायमाक्विनचा कोर्स १४ दिवसांचा असतो. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला ते देत नाहीत, आणि काहींना त्याचा त्रास होतो, म्हणून ते डॉक्टरांच्याच देखरेखीखाली घ्यायचं. ताप तिसऱ्या दिवशी उतरला की गोळ्या टाकून गोव्याच्या बसमध्ये बसणारे पुष्कळ असतात. अशांची यादी आशाताईंनी ठेवावी आणि चौदाव्या दिवशीची गोळी पोटात गेली की नाही हे घरी जाऊन पाहावं.